पुढची चौकडी

दुकानात कुणी डबा आणून टेबलावर ठेवला आणि "बघ ना जरा" म्हणालं की माझं डोकं फिरतं. काय बघू? काय झालं ते तोंडानं सांगा की! पंखा फिरत नाही, पंप पाणी ओढत नाही, इस्त्री शॉक देते, काहीतरी असेलच. मोटारी उघडून त्यांची वाइंडिंग करण्यात माझा जन्म गेला, पण माणसाच्या मनातलं ओळखायचं मीटर अजून कुणी बनवलेलं नाही.

त्या सोमवारी डबा आणला तो माझ्या भाच्यानं, म्हणजे थोरल्या भावाच्या एकुलत्या एका मुलानं. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. आत फडक्यात गुंडाळलेलं वीतभर लांबीचं रेल्वेचं इंजिन. पितळी पत्र्याचं, वरून निळ्या रंगाचं, दादानं स्वतः कापून, वळवून, जोडून बनवलेलं. झाकण काढलं आणि जळका वास नाकात शिरला.

"आत्या, बघ ना जरा," भाचा म्हणाला.

"आधी बस. आणि काय झालं ते नीट सांग."

तो बसला. चेहरा असा उतरलेला, की मी आपोआप आवाज खाली आणला.

"काल आम्ही दोघं बाबांकडे गेलो होतो. जेवणं झाल्यावर बाबा म्हणाले, चला, तुम्हाला गंमत दाखवतो. हे रुळावर ठेवलं आणि बटण फिरवलं. इंजिन जागचं हललं नाही. नुसतं गुरगुरल्यासारखं झालं आणि फस्सकन धूर. खालचं खोटं गवत वितळलं. हिनं धावत जाऊन प्लग ओढला म्हणून बरं."

"दादाला काही लागलं का?"

"नाही गं. पण आम्ही विचारलं, बाबा, तुम्ही यात काही केलं होतंत का? तर म्हणाले, माझ्याच हातून झालं असेल काहीतरी. आठवत नाही."

"आठवत नाही म्हणाला? दादा?"

"हो ना. तेच तर."

माझा भाऊ आयुष्यभर नकाशे काढायच्या कचेरीत होता. कुठल्या कपाटात कुठली पेन्सिल, कुठल्या डबीत कुठला स्क्रू, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगेल. तो "आठवत नाही" म्हणतो म्हणजे काय?

वहिनी गेल्यापासून दादा एकटाच राहतो. घर छोटं, पण मागची खोली चांगली ऐसपैस आहे आणि ती सगळी त्याच्या रेल्वेनं अडवलेली. भिंतीपासून भिंतीपर्यंत टेबल, त्यावर रूळ, बोगदा, दोन स्टेशनं, काड्यापेटीएवढी घरं. भाचा आणि त्याची बायको गावाच्या दुसऱ्या टोकाला वरच्या मजल्यावर राहतात. दर रविवारी येतात. भाचेसून मनानं चांगली आहे हो, उगाच कशाला वाईट म्हणू? पण घाबरट. सासऱ्यानं दूध उतू घालवलं तरी तिचा जीव खालीवर होतो. इथे तर धूरच निघालेला.

"हिनं आमच्याकडची एक खोली रिकामी केलीय," भाचा म्हणाला. "चांगली उन्हाची खोली आहे. येत्या रविवारी सामानाची गाडीही सांगितलीय. बाबा काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, तुझ्या आत्याला इंजिन दाखव, ती सांगेल ते खरं. म्हणून आलो. आत्या, ही चूक बाबांच्या हातून झाली असेल तर मी त्यांना एकटं नाही ठेवू शकत. उद्या झोपेत काही पेटलं तर? दुसरं काही कारण असेल, वस्तूच जुनी झाली असेल, तर विषय संपला. गाडी रद्द."

"आणि टेबल? ते मावणार आहे तुमच्या उन्हाच्या खोलीत?"

त्यानं मान खाली घातली. "टेबल मोडावं लागेल."

म्हणजे बघा, पंखे दुरुस्त करणाऱ्या बाईला न्यायाधीश करून ठेवलं. असा राग आला मला! पण इंजिन ठेवून घेतलं.

जाताना भाचा दारात घुटमळला. "लवकर बघशील ना?"

"बघते, गार्डसाहेब," मी म्हटलं. तो ओशाळून हसला आणि गेला.

हे गार्डसाहेब प्रकरण जुनं आहे. लहानपणी त्या मागच्या खोलीत दादा ड्रायव्हर असायचा आणि हा गार्ड. हातात हिरवं फडकं घेऊन स्टुलावर उभा राहायचा. यानं फडकं हलवल्याशिवाय दादा बटणाला हात लावायचा नाही. जेवण थंड होऊ दे, वहिनी हाका मारून थकू दे, गार्डानं हिरवा दाखवला नाही म्हणजे गाडी सुटायची नाही. मग पोरगा मोठा झाला, मित्र आले, कॉलेज आलं, नोकरी आली, आणि हळूहळू त्या खोलीत यायचाच बंद झाला. भांडण वगैरे काही नाही. भांडण झालं असतं तर मी दोघांना समोरासमोर बसवून मिटवलं असतं. नुसतं सुटून गेलं.

दुपारी गिऱ्हाईक कमी झाल्यावर मी इंजिन उघडलं. खरं सांगते, असली खेळणी माझ्या हाताखालची नव्हेत. माझी मोटर उचलायला दोन माणसं लागतात. ही चिमटीत मावत होती. पण वीज ती वीज. लहान असो, मोठी असो, वाट सापडली की पळते.

आधी वास घेतला. हसू नका, आमच्या धंद्यात नाक हे पहिलं हत्यार आहे. वाइंडिंगवरचं वार्निश जळलं तर वास गोडसर येतो, घशात बसतो. तारेवरचं प्लॅस्टिक जळलं तर आंबूस, डोळ्यांत पाणी आणणारा. हा दुसरा होता. म्हणजे मोटर वाचली असणार. मीटर लावून पाहिलं, खरंच वाचली होती. ब्रश ठीक, आतला तांब्याचा भाग स्वच्छ.

जळली होती ती एक लांब तार. इंजिनाच्या पोटातून पुढून मागे जाणारी, केसाहून थोडी जाड. तिचं आवरण वितळून काळं पडलं होतं आणि पितळेला चिकटलं होतं. शेजारची दिव्याची तारही तिनं पोळवली होती. मी दोन्ही खरवडून काढल्या. काढताना दादाचे जोड पाहिले, मोहरीएवढे, चकचकीत, एकही ओघळ नाही. सोल्डर करायला मला यानंच शिकवलं होतं. माझा जोड ओबडधोबड आला की म्हणायचा, "हे सोल्डर आहे की चिखल?" थरथरत्या किंवा विसराळू हाताचं हे काम नव्हतं, एवढं मला तिथेच कळलं. पण कळणं वेगळं आणि दाखवता येणं वेगळं.

नवी तार घातली. पण वीज सरळ सोडायला मी काही आज धंद्यात आलेली नाही. मोटारगाडीच्या दिव्याचा एक बल्ब माझ्याकडे कायम असतो, तो विजेच्या वाटेत मध्येच जोडायचा. पुढे सगळं ठीक असेल तर बल्ब गप्प राहतो, फार तर मिणमिणतो. पुढे कुठे शॉर्ट असेल तर सगळा जोर बल्बवर येतो आणि तो लख्ख पेटतो, पण बाकी काही जळत नाही. जगात दिवा लागला की लोकांना बरं वाटतं. आमच्याकडे दिवा लागला की कपाळाला हात.

दादाकडून मागवलेल्या रुळाच्या तुकड्यावर इंजिन ठेवलं, बटण दाबलं. बल्ब भक्कन पेटला.

म्हणजे चोर अजून घरातच होता. तार बिचारी मार खाणारी होती, चोर ती नव्हती.

मग मी एकेक गोष्ट सोडवत गेले. दिवा सोडवला, बल्ब पेटलेलाच. मोटर सोडवली, तरी पेटलेलाच. आता इंजिनात उरलं काय? एक तार आणि चाकं. कुठे उघडं टोक लागतंय का पाहिलं, कुठला स्क्रू लांब झालाय का पाहिलं. काही नाही. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायला लागला. एवढंसं खेळणं, आणि मला दाद देत नाही!

शेवटी इंजिन हातात धरून नुसतं पुढून उचललं. बल्ब विझला. खाली ठेवलं, पेटला. मागून उचललं, विझला. अरेच्चा! पुढची चाकं एकटी रुळावर असली तर काही नाही, मागची एकटी असली तरी काही नाही. दोन्ही टेकली की शॉर्ट. एकेकटे सज्जन, एकत्र आले की हाणामारी. असे भाऊ-भाऊ मी पुष्कळ पाहिलेत, पण चाकं पहिल्यांदाच पाहिली.

इथे थोडं समजावून सांगते, म्हणजे पुढचं कळेल. या इंजिनाखाली चार-चार चाकांचे दोन संच असतात. आमच्या घरात त्यांना चौकडी म्हणतात. पुढची चौकडी आणि मागची चौकडी. दोन रुळांतून विजेची ये-जा चालते, म्हणून प्रत्येक चौकडीची एका बाजूची चाकं नुसती धातूची आणि दुसऱ्या बाजूच्या चाकांत प्लॅस्टिकची आडकाठी असते. दोन्ही चौकड्यांची प्लॅस्टिकची बाजू एकाच अंगाला हवी. एक डावीकडे आणि एक उजवीकडे झाली, तर एक चौकडी या रुळाची वीज घेणार, दुसरी त्या रुळाची, आणि दोघींना जोडणारी तार मधल्यामध्ये भाजून निघणार. दिसायला दोन्ही बाजू अगदी सारख्या. म्हणूनच दादा प्लॅस्टिकच्या बाजूला नखाला लावायच्या रंगाचा टाचणीच्या डोक्याएवढा पिवळा ठिपका देतो. ती बाटली वहिनीची. ठिपके पाहायचे, एका बाजूला आहेत ना, मग चौकडी बसवायची. ही त्याची जन्माची पद्धत.

मी इंजिन उलटं केलं. ठिपके दिसेनात. दिसणार कसे? सगळीकडे तेल. चाकांवर तेल, आसांवर तेल, तेलाला चिकटून धूळ. आधी मी ते तसंच राहू दिलं होतं. आता चिंधी घेऊन पुसलं, आणि दिसले. मागच्या चौकडीचा ठिपका उजवीकडे. पुढचीचा डावीकडे.

पुढची चौकडी कुणीतरी काढली होती आणि परत बसवताना उलटी बसवली होती.

म्हणजे हाताचीच चूक. वस्तू जुनी झाली वगैरे काही नाही. आता रविवारी काय सांगू? तुझ्या बाबांचं आता वय झालं, ने त्यांना? मोड टेबल?

दिवा जवळ ओढून परत पाहिलं. जिथे पाणी मुरतं तिथे मी लवकर सोडत नाही. पुढची चौकडी एका स्क्रूवर असते. दादाचा आणखी एक नेम आहे: स्क्रू पिळून झाला की त्याची खाच इंजिनाच्या लांबीला धरून सरळ उभी ठेवायची. म्हणजे कुठला स्क्रू सैल झाला ते नुसतं पाहून कळतं. सगळे स्क्रू तसेच होते. हा एकच आडवा. आणि खाच चेचलेली. जाडजूड स्क्रू-ड्रायव्हर घालून, जोर लावून पिळल्यासारखी. आणि ते तेल! दादा सुईच्या टोकानं तेल देतो, तेही देताना श्वास रोखून.

हा दादाचा हात नव्हताच. आणि इंजिनाला तेलानं आंघोळ घालणारा माणूस मला माहीत होता. स्टुलावर उभा राहायचा तो.

दुसऱ्या दिवशी दुकान लवकर बंद करून मी दादाकडे गेले. दार उघडंच होतं. मागच्या खोलीत तो टेबलाशी बसून खोटी झाडं एकेक उपटून कापसात गुंडाळत होता. बोगदा आधीच रिकामा केलेला.

"आलीस? चहा ठेवतो," तो म्हणाला.

"चहा राहू दे. पुढची चौकडी कुणी उलटी लावली?"

"मीच लावली असेन."

"असेन? तू? आणि खाच आडवी ठेवलीस? मुडदा बसवला तुझा दादा, तू खाच आडवी ठेवणार? आणि तेल केवढं! त्या तेलात माझा आठवडाभराचा स्वयंपाक होईल!"

त्याला हसू फुटलं. आवरायला गेला, पण आवरेना. खांदे हलायला लागले. तिथेच तो पकडला गेला.

"तुला माहीत आहे," मी म्हटलं. "सगळं माहीत आहे. आठवत नाही म्हणे! बोल आता."

त्यानं हातातलं झाड खाली ठेवलं. मग सांगायला लागला.

धूर निघाला त्याच्या आधीच्या रविवारची गोष्ट. जेवण झाल्यावर दादा खुर्चीत पेंगत होता. सून शेजारणीकडे गेली होती. जरा वेळानं त्यानं डोळे किलकिले केले तर टेबलाशी मुलगा. हातात हे इंजिन उलटं धरलेलं, शेजारी तेलाची बाटली, आणि स्वयंपाकघरातला तो जाडा स्क्रू-ड्रायव्हर. चाकांत अडकलेला दोरा काढत होता.

"जीभ अशी दातात धरलेली," दादा म्हणाला आणि मला करून दाखवली. "लहानपणी धरायचा ना, तशी. मी परत डोळे मिटून घेतले. म्हटलं, मी उठलो तर हा इंजिन ठेवून देईल आणि मोबाईल काढून बसेल. मी आपला झोपेचं सोंग घेऊन आवाज ऐकत राहिलो. बराच वेळ चाललं होतं त्याचं. मग त्यानं ते वरवर पुसून जागेवर ठेवलं. बोलला काही नाही. मीही नाही बोललो."

"मग गेल्या रविवारी तू ते मुद्दाम रुळावर ठेवलंस."

"त्याला दाखवायचं होतं की बघ, छान चालतंय."

"आणि तपासलं नाहीस? तू? मीटर लावल्याशिवाय कुठलं इंजिन रुळावर ठेवत नाहीस ना तू?"

"नाही तपासलं," दादा म्हणाला. "मुद्दामच नाही तपासलं. त्यानं एवढं मनापासून केलेलं काम, त्यावर मी मीटर लावू?"

धूर निघाला तसा त्याला मुलाच्या हातातला तो जाडा स्क्रू-ड्रायव्हर आठवला होता. एका क्षणात सगळं कळलं होतं. तेवढ्यात सुनेनं विचारलं, आणि याच्या तोंडून निघून गेलं, आठवत नाही.

"आणि मग मूग गिळून बसलास!" माझा आवाज चढला. "अरे, घर सोडायला निघालास, टेबल मोडायला निघालास, आणि कशापायी? दोन शब्द बोलायचे होते!"

"कुठले दोन शब्द? तू जाळलंस, हे? बायकोसमोर?" दादा शांतपणे म्हणाला. "इतक्या वर्षांनी त्यानं हात लावला गं. लावला आणि जळलं, असं कळलं तर परत कशाला लावेल?"

"पण टेबल!"

"टेबल इतकी वर्षं इथेच होतं. तो येत नव्हता."

मला रडू आलं. उगाच आडून कशाला सांगू, आलं. आणि रडू आलं की मला रागही येतो, म्हणून मी दादाला तोंडाला येईल तेवढं सुनावलं. टेबलाच्या विजेला साधा फ्यूज नाही म्हणून सुनावलं, दार उघडं टाकतोस म्हणून सुनावलं, बारीक झालायस म्हणूनही सुनावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"तू त्याला सांग, तार जुनी झाली होती," शेवटी तो म्हणाला.

"खोटं सांगू? त्या गरीब तारेवर आळ घेऊ?"

"मग माझं नाव सांग."

"तेही खोटंच."

"मग काय सांगणार तू?"

मी विचार केला. "काहीच नाही. मी तोंड उघडणार नाही. झालं समाधान?"

त्याचा जीव भांड्यात पडला. चहा ठेवायला उठला. तोंड उघडणार नाही असं मी म्हटलं होतं. हात बांधून बसेन असं कुठे म्हटलं होतं?

रविवारी मी सगळ्यांच्या आधी पोचले. इंजिन टेबलावर रुळावर ठेवलं, माझा बल्ब जोडला, बटण दाबलं. बल्ब लख्ख. शेजारी एक बारीक स्क्रू-ड्रायव्हर ठेवला, दादाचा, लाकडी मुठीचा. पुढची चौकडी मी उलटीच राहू दिली होती. दादानं ते सगळं पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"तू म्हणाली होतीस..."

"तोंड बंदच आहे माझं," मी म्हटलं.

भाचा आणि भाचेसून रिकामी खोकी घेऊन आले. गाडी जेवणानंतर येणार होती. भाचेसुनेनं आल्या आल्या स्वयंपाकघरातली भांडी काढायला घेतली. "बाबा, तुमचा कप मी माझ्या पिशवीतच ठेवते हं, फुटायला नको," असं म्हणत होती. भाचा मागच्या खोलीत आला आणि बल्बकडे बघत उभा राहिला.

"हे काय आत्या? सापडलं का?"

"तार मी बदलली. तरी शॉर्ट आहे. हा बल्ब पेटलाय तोवर शॉर्ट आहे असं समजायचं. बाकी माझं डोकं चालत नाही या खेळण्यात. तू बघ."

"मी? मला काय येतंय यातलं?"

"गार्ड होतास ना? का नुसताच फडकं हलवायचास?"

त्यानं दादाकडे पाहिलं. दादा खिडकीबाहेर बघत होता, जसं काही बाहेर फार मोठं काही चाललंय.

भाच्यानं खोकं खाली ठेवलं. इंजिन उचललं, तसा बल्ब विझला. तो दचकला. परत ठेवलं, पेटला. पुढून उचललं, मागून उचललं, मी केलं होतं तसंच. मध्ये मध्ये काही न बोलण्याचा माझ्या स्वभावाला केवढा त्रास झाला ते मलाच माहीत. मग त्यानं इंजिन उलटं केलं आणि उजेडात धरलं. जीभ दातात आली. दादानं करून दाखवली होती, अगदी तशी.

त्याची नजर एका पिवळ्या ठिपक्यावर गेली. मग दुसऱ्या. मग परत पहिल्यावर. जीभ आत गेली. चेहऱ्याचा रंगच उडाला.

स्क्रू-ड्रायव्हर घेतला, तो चेचलेला स्क्रू हळूहळू सोडवला, चौकडी काढली, फिरवली, परत बसवली. स्क्रू पिळून झाल्यावर थांबला, आणि खाच लांबीला धरून सरळ केली. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मग इंजिन रुळावर ठेवलं.

बल्ब आता विझलेलाच राहिला.

"ही मी लावली होती," भाचा म्हणाला. "मागे बाबा झोपले होते तेव्हा. दोरा अडकला होता म्हणून काढली. मीच उलटी लावली."

भाचेसून दारात येऊन उभी राहिली होती, हातात दादाचा कप. "म्हणजे बाबांनी काहीच केलं नव्हतं? पण बाबाच म्हणाले ना, माझ्या हातून झालं असेल, आठवत नाही..."

बोलता बोलता ती थांबली. भाचा दादाकडे वळला.

"बाबा, तुम्ही झोपला नव्हतात ना?"

दादानं खिडकीतून मान वळवली. मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहरा असा भोळा, की नाटकात घ्यावा.

"मला काही आठवत नाही बुवा," तो म्हणाला.

भाच्यानं तोंडावर हात घेतला. हसत होता की रडत होता ते सांगणं कठीण होतं, आणि मी चष्मा पुसत असल्यामुळे मला नीट दिसलंही नाही. भाचेसुनेनं कप दोन्ही हातांत धरला आणि स्वयंपाकघरात गेली. कप जागेवर ठेवल्याचा आवाज आला. "अहो, गाडीवाल्याला फोन करा आधी," तिनं आतून सांगितलं. "नाहीतर येऊन उभा राहील उगाच."

भाच्यानं तिथल्या तिथे फोन केला. माझा बल्ब मी टेबलाच्या विजेत कायमचा जोडून टाकला आणि दादाला बजावलं, की हा काढलास तर माझ्याशी गाठ आहे. दिवा पेटला की हात लावायचा नाही, कुणीही. "कुणीही" म्हणताना मी भाच्याकडे पाहिलं. त्यानं मुकाट्यानं मान हलवली.

मग इंजिन स्टेशनात आणून उभं केलं. मागे दोन डबे जोडले. दादा बटणावर हात ठेवून बसला. फिरवीना. आम्ही सगळे वाट बघतोय, हा फिरवतच नाही.

"फिरव की आता!" मी म्हटलं.

दादा माझ्याकडे बघेचना. तो मुलाकडे बघत होता. भाच्याला आधी कळलं नाही. मग कळलं. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, खोकी ठेवली होती तिथलं धूळ पुसायचं फडकं उचललं आणि वर धरलं. फडकं मळकट होतं, हिरवं तर मुळीच नव्हतं. दादाला चाललं. त्यानं बटण फिरवलं. बल्ब जरासा मिणमिणला आणि गाडी सुटली, झाडं उपटलेल्या माळावरून, रिकाम्या बोगद्यातून, वितळलेल्या गवताच्या डागावरून.

दुसऱ्या फेरीला दादा मान वर न करता म्हणाला, "गार्डसाहेब, तेल जरा कमी घालत जा."